पद्मिनीच्या पोटाखालचं डांबर: कशाने काढायचं आणि किती काढायचं

गाडीखाली आडवे व्हा आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दाराखालच्या उंबऱ्यावर आपटत पुढून मागे सरका. निरोगी पत्रा टणटणतो. मग मध्येच कुठेतरी आवाज पडतो, भिजलेल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा ‘थप्’ येतो. आमच्या १९८६ च्या प्रीमिअर पद्मिनीत हा थप् ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या चाकाच्या जरा पुढे आला. वरून काळंकुळीत, गुळगुळीत, झकास दिसणारं डांबर, तळाला गंज लागू नये म्हणून मारतात ते. ते तापवून सोललं तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), लांबीखाली फायबरची चटई, आणि त्याखाली चक्क वर्तमानपत्राची घडी. कधीतरी कुणीतरी ‘पक्कं काम’ म्हणून त्याचे पैसे घेतले होते. पत्रा नव्हताच.

तळाचं काम काढलंत की जो तो एकेक हत्यार सुचवतो. मित्र म्हणतो ग्राइंडर लाव, डेंटर म्हणतो गॅसने जाळून टाकू, घरातला एखादा इंजिनिअर म्हणतो सरळ सँडब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कणांचा मारा) करून आण. पण खाली पत्रा आहे की वर्तमानपत्र, हे कळायच्या आत हत्यार ठरवून उपयोग काय? माझं मत आधीच सांगून टाकतो. डांबर काढायला हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार) आणि पट्टी. ब्लास्टिंग फक्त गंजाच्या खड्ड्यांपुरतं. आणि ग्राइंडरवरचा वायर ब्रश डांबराच्या वाऱ्यालाही उभा करू नका.

ही गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे जीपसारखी खाली वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे उंबरे आणि मागच्या कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागा हीच तिची चेसिस. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून बाहेर पडत होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर भंगारातून चांगला उंबरा, चांगला मडगार्ड मिळून जायचा. आता बहुतेक तुकडे पत्रा वाकवून बनवून घ्यावे लागतात. त्यामुळे अंगावरचा जुना पत्रा जितका वाचेल तितका वाचवणं हा या सगळ्या हिशेबातला पहिला मुद्दा.

हीट गन की ग्राइंडर

हीट गन दोन-अडीच हजारांत येते. डांबर लोण्यासारखं मऊ व्हायला हवं, त्याचा धूर निघता कामा नये. धूर आला की गन फार जवळ नेलीत असं समजा. लांबी मारायच्या पट्टीचे कोपरे घासून गोल करून घ्या, नाहीतर पत्र्यावर ओरखडे उठतात आणि पुढे तिथेच गंज बसतो. हात तयार झाला की डांबर पट्टीवर गुंडाळी होऊन येतं, गरम गूळ उलथन्याने उचलावा तसं. एका चाकाच्या कमानीला एक रविवार जातो. मान आखडते. पण पत्र्याचं काही बिघडत नाही आणि खालचा जुना रंग बऱ्याचदा शाबूत निघतो. रंग शाबूत म्हणजे तिथे गंज नाही, ती जागा तुमच्या यादीतून कमी झाली.

याच कामाला गॅसची फ्लेम लावणारे डेंटर आहेत. वेळ वाचतो हे खरं. पण सपाट पत्रा तापून लाट मारतो, आणि तळाच्या दुसऱ्या बाजूला वायरिंग, फेल्ट, जुनी गादी असते. टाकी मागे असते, ती कोणत्याही उष्णतेच्या कामाआधी उतरवून गाडीपासून लांब ठेवायचीच. ‘रिकामी आहे साहेब, काही होत नाही’ हे वाक्य ऐकू आलं तर काम तिथेच थांबवा. भरल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची.

ग्राइंडरवरचा वायर ब्रश डांबराला वितळवतो आणि तव्यावरच्या जळक्या तेलासारखा सगळीकडे पसरवतो. तारा तुटून उडतात, चष्म्याशिवाय हात लावू नये. त्याहून मोठी फसवणूक पुढची आहे. हा ब्रश गंजाला चकाकी आणतो. खड्ड्यातला गंज तसाच राहतो, पण वरून काळपट चमकदार दिसतो आणि आपण पत्रा स्वच्छ झाला असं समजून प्रायमर मारतो. दोन पावसाळ्यांत तो वर येतो. शिवाय जुन्या काही अंडरकोटिंगमध्ये, म्हणजे तळाला मारलेल्या अशा थरांत, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असायचे. आपल्या गाडीच्या थरात ते आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही. तो थर कोरडा घासून धूळ करण्यापेक्षा मऊ करून सोलणं फुप्फुसांना परवडतं. मास्क दोन्हीकडे हवाच, रुमाल नव्हे.

मागे राहतो तो डांबराचा तपकिरी पातळ थर. त्याला टर्पेंटाइन किंवा डिझेलचा बोळा पुरतो. मूळ जाड थर काढायला मात्र या द्रवांच्या नादी लागू नका. डांबर पातळ होऊन सांध्यांत शिरतं आणि पुढे वेल्डिंगच्या वेळी तिथूनच पेटतं. वापरलंत तर साबणाच्या पाण्याने धुऊन, सांधे हवेने फुंकून पूर्ण वाळवा.

गाडीच्या आत पायाखाली डांबरी चादरी चिकटवलेल्या असतील तर त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे कोरडा बर्फ, म्हणजे लग्नात धुराच्या देखाव्यासाठी वापरतात तोच. त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असतं. तुकडे चादरीवर पसरायचे, दहा मिनिटं थांबायचं आणि हातोडीने हलके ठोकायचं. चादर काचेसारखी तडकते आणि परातीत भरण्याजोगे तुकडे निघतात. हे बघायलाही मजा येते. मात्र चारही दारं उघडी ठेवा, कारण त्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. हातमोजे जाड हवेत. हे फक्त आडव्या, वरून गाठता येणाऱ्या जागेवर चालतं. गाडीच्या पोटाला खालून बर्फ कसा लावणार?

ब्लास्टिंग कधी

ब्लास्टिंगची जाहिरात वाचली की वाटतं, सगळा प्रश्न एका दुपारचा. पण मऊ डांबरावर कण आपटून उसळतात किंवा रुतून बसतात. म्हणजे डांबर तुम्हाला आधी हातानेच काढावं लागणार. ते काढल्यावर जे उरतं, खड्डे पडलेला गंज, सांध्यांच्या कडा, ब्रॅकेटच्या मागच्या जागा, तिथे ब्लास्टिंगला तोड नाही. पट्टी आणि ब्रश जिथे पोचत नाहीत तिथे कण पोचतात.

अडचण पत्र्याच्या जाडीची आहे. बॉनेट, छत, दाराचा बाहेरचा पत्रा असा मोठा सपाट भाग जास्त दाबाने ब्लास्ट केला की पृष्ठभाग ठोकला जाऊन ताणतो आणि भाग फुगतो. लोक म्हणतात गरम झाला म्हणून वाकला. खरं कारण बहुतेक वेळा हा मार असतो. फुगलेलं बॉनेट सरळ करणारे हात आता मोजकेच उरलेत. म्हणून अट घाला: फक्त तळ, कमानी आणि आतले जाड भाग, बारीक गार्नेट (कठीण खनिजाचे कण), दाब कमी. साध्या वाळूने करणार असतील तर नको म्हणा. त्या धुळीने काम करणाऱ्या माणसाला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि तो बरा होत नाही.

सोडा ब्लास्टिंग, म्हणजे कणांऐवजी सोड्याच्या पावडरचा मारा, पत्र्याला इजा करत नाही, पण गंजही काढत नाही. वर त्याचा अंश नीट धुतला नाही तर रंग धरत नाही. रंग काढायला चांगलं, आपल्या कामाला नाही.

आणखी एक. ब्लास्ट केलेला पत्रा नागडा असतो. किनारपट्टीच्या हवेत तो रात्रीतून केशरी होतो. म्हणून ब्लास्टिंगवाला आणि प्रायमर मारणारा एकाच छताखाली असेल तरच जा. घरी करत असाल तर आज जेवढं झाकता येईल तेवढंच आज उघडं करायचं. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. मे महिन्यात सुरू करून ‘पावसाच्या आत होईल’ असं मीही म्हणालो होतो.

चेसिस नंबर कोरलेल्या जागेवर मात्र कोणतंच हत्यार चालवायचं नाही. ती जागा टेपने झाकायची, हाताने पुसायची आणि तिथे पातळ प्रायमर सोडून काही मारायचं नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि तेव्हा आरटीओत पेन्सिलने त्याच नंबराची छाप घेतात. नंबर पुसट झाला तर बाकी सगळं काम कितीही सुंदर असू दे.

गंज: औषध की कात्री

डांबर निघालं की टोचा घ्या आणि दाबून बघा. टोचा आत जात नसेल आणि गंज पावडरसारखा असेल तर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं औषध, पुरेल. यात दोन प्रकार. फॉस्फोरिक आम्लाचा पत्र्यावर करडा फॉस्फेटचा थर करतो. टॅनिक आम्लाचा गंजाला निळसर काळं करतो. हा दुसरा आपल्या ओळखीचा आहे. हिरडा आणि हिराकस घालून जी काळी शाई करत, तीच लोह-टॅनिनची जोडी. दोन्हींची मर्यादा एकच: पापुद्रे सुटलेल्या जाड गंजात ते वरच्या थरालाच काळं करतात, खालचा गंज तसाच राहतो. त्यामुळे ठोकून, खरवडून जे सुटतं ते आधी काढायचं.

टोचा आत गेला तर औषधाचा विषय संपला. तिथे कात्री. आणि कापताना गंजलेला भाग संपतो तिथे थांबायचं नाही, वेल्डिंग धरेल असा चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत जायचं. आमचं भोक दिसत होतं रुपयाएवढं, कापून झालं तेव्हा तळहाताएवढं होतं.

उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-उभा लोखंडी पाइप वेल्डिंगचा टाका लावून घट्ट करा आणि एका वेळी एकच बाजू उघडा. नाहीतर गाडी मध्ये झुकते आणि काम झाल्यावर दार लागत नाही. मग डेंटर बिजागरी वाकवतो आणि ‘बसलं’ म्हणतो.

जोडायचं कसं, यात मी मिगच्या बाजूचा, म्हणजे तार आपोआप पुढे सरकते त्या विजेच्या वेल्डिंगच्या. गॅरेजात त्याला सीओटू म्हणतात. बारीक तार, अंतर सोडून टाके, एक इथे तर पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. गॅस वेल्डिंगचा टाका मऊ असतो आणि ठोकून बसवता येतो. जुन्या उस्तादांचं गॅसवरचं प्रेम याचसाठी, आणि मडगार्डच्या गोलाईत ते मला पटतंही. पण सपाट तळाला गॅस फार उष्णता देतो. पितळी टाका दिसतो छान. तो भार वाहणाऱ्या जागी नको, आणि त्याचा फ्लक्स (टाका धरावा म्हणून लावतात ते रसायन) धुतला नाही तर तोच पुढे पत्रा खातो.

पत्रा वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा बिनजस्ताचा) घ्या, जाडजूड ठिगळाने मजबुती येते हा गैरसमज आहे. कडा जाडीला जाडी भिडवून जोडल्या तर उत्तम. जुन्यावर नवा चढवून केलेलं ठिगळ झटपट होतं, पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी बसतं. चढवायचंच असेल तर फटीत वेल्डिंगआधी जस्ताचा प्रायमर आणि नंतर सीम सीलर (सांधे बुजवायची पेस्ट). जीआय (जस्त चढवलेला) पत्रा वेल्ड करू नका, जस्ताचा धूर छातीत बसतो. फायबर आणि लांबी? दाराच्या पोच्यासाठी ठीक. तळाला लावली तर पुढच्या मालकाला वर्तमानपत्र वाचायला मिळेल.

परत काय लावायचं

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण तो ओल आत घेतो. त्यावर सांध्यांना सीलर, मग चाकाच्या कमानीत रबरी कोटिंग, कारण तिथे खडे मारा करतात. पूर्ण तळाला पुन्हा डांबर मारू नका असं मी म्हणेन. डांबर कालांतराने कडक होतं, तडकतं, आणि तड्यांतून शिरलेलं पाणी आत दडून राहतं. रंगाचा थर दिला तर निदान गंज उगवताना दिसतो. उंबऱ्याच्या आत मात्र मेणाचं कोटिंग, लांब नळीने, तेही सगळी वेल्डिंग संपल्यावर.

कोटिंगआधी उंबऱ्याच्या आणि दाराच्या तळाच्या सगळ्या निचऱ्याच्या भोकांत आगकाड्या खोचून ठेवा आणि ओलं असतानाच काढून घ्या. आमच्या गाडीत त्या एका कोपऱ्याचं भोक डांबराने बुजलं होतं, काचेच्या फटीतून आलेलं पाणी जायला वाट नव्हती. आता दर जूनला काचेच्या फटीत एक तांब्या पाणी ओततो आणि खाली वाकून बघतो, थेंब पडतात का.