हॉटेलातील कर्मचारी की यात्रेच्या वाटेवरचे कामगार? पर्यटन-मनुष्यबळावर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी एक तुलना

हॉटेल व्यवस्थापन किंवा पर्यटन प्रशासन या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारा मराठवाड्यातील विद्यार्थी प्रबंधाचा विषय ठरवू लागला की बहुधा दोन वाटांपाशी येऊन थांबतो. छत्रपती संभाजीनगरातील तारांकित आणि मोठ्या हॉटेलांतील कर्मचारी नोकरी का सोडतात, याचा अभ्यास करणे ही एक वाट. वेरूळ, फर्दापूर, तुळजापूर, नांदेड, परळी, औंढा अशा ठिकाणी पर्यटकांच्या आणि यात्रेकरूंच्या आधाराने जगणाऱ्या, परंतु कोणत्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसांचा अभ्यास करणे ही दुसरी. पहिला विषय सोपा आणि दुसरा अवघड, असे समजून निवड केली जाते. मला ही मांडणी अपुरी वाटते. पहिल्या विषयात कामगारांची यादी हाती लागते, पण ज्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा तो माणूस निघून गेलेला असतो. दुसऱ्या विषयात माणूस समोर उभा असतो, पण त्याची यादी कोणाकडेच नसते. संशोधकाने निवड करताना या दोन अडचणींपैकी कोणती आपण प्रामाणिकपणे सोडवू शकतो, हे आधी पाहावे.

हॉटेलाच्या विषयाची जमेची बाजू मोठी आहे. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असे विभाग ठरलेले असतात, प्रत्येकाची हुद्द्यांची उतरंड ठरलेली असते आणि मनुष्यबळ विभागाकडे कोण कधी रुजू झाले व कोण कधी गेले याची नोंद असते. शिवाय शंभर वर्षांच्या औद्योगिक मानसशास्त्राचा आधार या विषयाला आहे. जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन या अभ्यासकांनी 1958 मध्ये मांडले की नोकरी सोडण्याचा निर्णय दोन गोष्टींवर अवलंबून असतो: सोडावीशी वाटणे आणि सोडता येणे. मोबली यांनी 1977 मध्ये असमाधानापासून प्रत्यक्ष राजीनाम्यापर्यंतचे मधले टप्पे उलगडले. त्यांत दुसरे काम शोधण्याचा विचार, त्या कामाची तुलना आणि सोडण्याचा इरादा यांचा समावेश होतो. मेयर आणि ॲलन यांनी 1991 मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले: मनापासून राहणे, सोडणे परवडत नाही म्हणून राहणे आणि राहणे हे कर्तव्य वाटते म्हणून राहणे. या साऱ्यांच्या मोजपट्ट्या तयार आहेत, वेगवेगळ्या देशांत वापरल्या गेल्या आहेत आणि सांख्यिकीय चाचण्यांना सरळ लागू पडतात.

यांतील ‘सोडता येणे’ हा भाग मराठवाड्यात विशेष महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आपल्याकडील प्रबंधांत दुर्लक्षित राहतो, असे मला दिसते. हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या मुलासाठी पुणे, मुंबई, गोवा, आखाती देश आणि क्रूझ जहाजे ही सगळी पुढची स्थानके असतात, त्यामुळे संभाजीनगरातील पहिली नोकरी ही अनेकदा अनुभवाच्या दाखल्यासाठीच केलेली असते. याउलट शहराजवळच्या गावातून रोज ये-जा करणाऱ्या, घरी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असणाऱ्या रूम बॉयला सोडावेसे कितीही वाटले तरी सोडून जाण्याजोगे ठिकाण नसते. या दोघांना एकाच प्रश्नावलीत ‘समाधान’ विचारले आणि त्यांची सरासरी काढली, तर मिळणारा आकडा दोघांपैकी कोणाचेच वर्णन करत नाही.

पहिल्या विषयातील मूळ दोषही इथेच आहे. सध्या कामावर असलेल्यांना ‘तुम्ही सोडण्याचा विचार करता का’ असे विचारायचे आणि त्या उत्तरांवरून गळतीची कारणे सांगायची, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. सोडण्याचा इरादा आणि प्रत्यक्ष सोडणे यांत नाते आहे, पण ते पक्के नाही. जे सोडून गेले ते नमुन्यात नसतातच. त्यामुळे जे राहिले त्यांच्या तक्रारी गेलेल्यांच्या नावावर जमा होतात. यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिकही नाही. मागील दोन वर्षांत सोडून गेलेल्यांपैकी तीस-चाळीस जणांचा माग त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडून काढावा आणि त्यांच्याशी फोनवर सविस्तर बोलावे. ही तयारी नसेल, तर प्रबंधाच्या शीर्षकात ‘गळतीची कारणे’ असे लिहू नये.

दुसरी चूक आकड्यांची आहे. नमुना किती घ्यावा यासाठी क्रेजसी आणि मॉर्गन यांचा 1970 चा तक्ता वापरला जातो. त्यातील 384 हा आकडा डोळे मिटून उचलला जातो, परंतु तो फार मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. एकूण कर्मचारी 200 असतील तर त्या तक्त्यानुसार 132 पुरेसे होतात आणि 500 असतील तर 217. निवडलेल्या हॉटेलांत मिळून दोनशे माणसे असताना 384 प्रश्नावल्या भरल्याचे प्रबंधात दिसले, की वाचणाऱ्याचा पुढच्या सगळ्या तक्त्यांवरचा विश्वास उडतो. मार्गदर्शकाने हे पहिल्याच बैठकीत तपासले पाहिजे.

प्रश्नावली कोणाच्या हातून वाटली जाते, हेही तितकेच निर्णायक असते. व्यवस्थापनाची परवानगी मिळाली की मनुष्यबळ विभागच छापील प्रती वाटतो आणि संध्याकाळी गोळा करून देतो. ब्रेक शिफ्टमध्ये सकाळी आणि पुन्हा रात्री काम करणारा वेटर अशा कागदावर ‘पूर्णतः समाधानी’ याखेरीज दुसरे काही लिहील, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. मी स्वतः एका हॉटेलात अशाच रीतीने भरून आलेल्या प्रती तपासल्या होत्या. त्यांतील बहुतेकांवर एकाच पेनाने, एकाच स्तंभात, वरपासून खालपर्यंत खुणा होत्या. ते काम आम्हांला पुन्हा करावे लागले, आणि त्या वेळी कर्मचाऱ्यांना हॉटेलाबाहेर, बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर भेटलो.

आता दुसरी वाट पाहू. इथे पहिलाच प्रश्न असा येतो की पर्यटन-कामगार म्हणावे कोणाला? राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ‘पर्यटन’ नावाचा स्वतंत्र उद्योग नाही. निवास विभाग 55 मध्ये, खानपान सेवा विभाग 56 मध्ये, आणि वाहतूक व किरकोळ विक्री आणखी वेगळीकडे मोडतात. म्हणूनच पर्यटनाचा अर्थव्यवस्थेतील वाटा काढण्यासाठी देशपातळीवर पर्यटन उपग्रह लेखा हे वेगळे साधन वापरावे लागते. त्यातून एखाद्या गावातील माणसांची संख्या मिळत नाही. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची तरतूद ठेवली गेली, त्यामुळे छोट्या लॉज आणि खानावळींची सविस्तर नोंद शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. याचा अर्थ संशोधकाला यादी स्वतः तयार करावी लागते: रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, प्रत्येक दुकान, हातगाडी, रिक्षाथांबा आणि लॉज मोजत, आणि तेही एकदा नव्हे, तर हंगामात आणि हंगामाबाहेर.

अनौपचारिक क्षेत्र ही संकल्पना कीथ हार्ट यांनी घानातील अक्रा शहराच्या अभ्यासातून मांडली आणि 1973 मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. ती मराठवाड्यात आणली की तिच्या मर्यादा लगेच दिसतात, आणि संशोधनाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत समृद्ध आहे. तुळजापुरात अनेक कुळांचे भाविक पिढ्यान्पिढ्या आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याच्या घरी उतरत आले आहेत. तिथे त्यांची राहण्याची, अभिषेकाची आणि पुरणपोळीच्या नैवेद्याची सोय होते. ते घर म्हणजे लॉज आहे का? त्या घरात रांधणारी सून पर्यटन-कामगार ठरते का? तिला पगार नाही, पण यात्रेकरू आला नाही तर त्या घराचे उत्पन्न थांबते. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये भांडी घासणारा भाविक सेवा करतो, काम करत नाही. तरीही तिथल्या निवासाच्या आणि भोजनाच्या व्यवस्थेचा मोठा भार अशा सेवेवर उभा आहे, आणि तिच्या शेजारीच पगारी माणसेही तेच काम करत असतात. हॉटेलासाठी तयार झालेल्या मोजपट्ट्या इथे मुकाट्याने खोटे बोलतात. भक्ती, नाते आणि मजुरी यांतील सीमारेषा संशोधकाला स्वतः आखावी लागते आणि ती का तशी आखली, याचे उत्तर द्यावे लागते.

कामाचे दिवसही सरळ नसतात. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळची लेणी मंगळवारी. वेरूळला मंगळवारी लेणी बंद असली तरी शेजारचे घृष्णेश्वर मंदिर उघडे असते, त्यामुळे लेण्यांसमोर वस्तू विकणारा त्या दिवशी काय करतो, हा साधा वाटणारा प्रश्न एका माणसाच्या कामाची खरी रचना उघड करतो. तुळजापुरात शारदीय नवरात्र आणि कोजागरी, पैठणला नाथषष्ठी, परळी-औंढ्याला महाशिवरात्र, घृष्णेश्वराला श्रावण. लेण्यांचा मुख्य हंगाम मात्र हिवाळ्याचा. हेच कामगार उरलेल्या काळात शेतावर, वीटभट्टीवर किंवा उसाच्या तोडीवर असू शकतात. वर्षातून एकदा जाऊन ‘मासिक उत्पन्न किती’ असे विचारणे इथे निरर्थक आहे. उत्पन्न दिवसाचे विचारावे, उचल किती आणि कोणाकडून घेतली हे विचारावे, आणि त्याच माणसाला वर्षात किमान तीनदा भेटावे.

अजिंठ्याजवळच्या फर्दापूर फाट्याचे उदाहरण घेतो. खासगी गाड्या तिथे थांबतात आणि सुमारे चार किलोमीटर पुढे लेण्यांपर्यंत बसने जावे लागते. या एका व्यवस्थेमुळे पर्यटक कुठे उतरतो, कुठे चहा घेतो आणि कोणाच्या दुकानासमोरून चालतो, हे ठरते. डोलीवाल्यांचे काम वयस्कर पर्यटकांच्या संख्येवर चालते आणि स्फटिक विकणाऱ्यांचे बसच्या वेळांवर. मार्च 2020 मध्ये लेणी बंद झाली, तेव्हा हॉटेलातील कर्मचाऱ्याची नोकरी गेल्याचे किमान कागदावर तरी दिसले. या माणसांचे काम गेले त्याला कागदच नव्हता. त्या काळात ते कोणत्या कामाकडे वळले आणि त्यांतील कितीजण परतले, हा विषय आजही मराठीत मन लावून लिहिला जावा, असे मला कळकळीने वाटते.

दोन्ही वाटांना जोडणारी एक संकल्पना आहे: भावनिक श्रम. आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून ती मांडली; चेहऱ्यावरचा भाव हाही नोकरीचा भाग म्हणून विकला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. रिसेप्शनवरील मुलगी प्रशिक्षणात शिकवलेले हसू वापरते. वेरूळच्या सोळाव्या लेण्यात कैलासाची कथा त्या दिवशी पाचव्यांदा सांगणारा गाइडही तेच करतो, फक्त त्याला ते कोणी शिकवलेले नसते आणि त्याचा मोबदला शेवटी मिळणाऱ्या टिपवर अवलंबून असतो. ज्याला दोन्ही क्षेत्रांत रस आहे, त्याने याच धाग्यावर छोटा तुलनात्मक अभ्यास करावा. व्याप्ती आवरती राहते आणि निष्कर्षाला वजन येते.

भाषेबाबत हॉटेलाच्या अभ्यासकाने जास्त सावध राहावे, कारण तिथे इंग्रजी प्रश्नावली चालून जाते असा समज आहे. हाउसकीपिंग आणि किचनमधील अनेकांना ती कळत नाही. मराठी आणि हिंदी प्रत तयार करून ती दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत उतरवून घ्यावी आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावी. दुसऱ्या विषयात दखनी, लमाणी, पंजाबी कानावर येतात आणि तिथे कागदापेक्षा गप्पाच उपयोगी पडतात.

नैतिक जबाबदारी मात्र दुसऱ्या वाटेवर अधिक जड आहे. वही घेऊन आलेल्या माणसाला विक्रेता अतिक्रमण हटवणारा अधिकारी समजतो. ढाब्यावर चौदा वर्षांखालील मूल काम करताना दिसले तर काय करायचे, हे क्षेत्रभेटीपूर्वीच मार्गदर्शकाशी बोलून लेखी ठरवलेले असावे. कायद्याने ते काम निषिद्ध आहे आणि ‘मी फक्त निरीक्षण करत होतो’ हे उत्तर पुरेसे नाही.

वेळेचा हिशेब सरळ आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी एक सत्र हाताशी असेल, तर हॉटेलाचा विषय घ्यावा, दोन-तीन हॉटेलांपुरता ठेवावा आणि त्यात सोडून गेलेल्यांच्या मुलाखती अवश्य घालाव्यात. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. त्या अवधीत तुळजापूर किंवा वेरूळसारख्या एका गावात दोन पूर्ण हंगाम पाहता येतात, म्हणून तिथे मी दुसऱ्या विषयाच्या बाजूने आहे. उद्योगात प्रशिक्षण किंवा मनुष्यबळ विभागात जायचे असेल, तर पहिला विषय थेट कामी येतो. अध्यापन, धोरण किंवा सामाजिक संस्थांकडे ओढा असेल, तर दुसरा. परंतु दुसरा विषय घेणाऱ्याचे त्या परिसरात घर किंवा नातेवाईक असावेत, ही अट मी जवळजवळ अनिवार्य मानतो, कारण संभाजीनगरहून पहाटेच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला दिवसाचे गिऱ्हाईक दिसते, रात्री गल्ला मोजून झाल्यावर मालक आणि कामगार यांच्यात होणारा हिशेब दिसत नाही.

निर्णय होत नसेल तर नोंदणीपूर्वी दोन आठवडे द्यावेत. पहिल्या आठवड्यात एका हॉटेलाकडे मागील वर्षी सोडून गेलेल्यांची यादी मागावी, आणि दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी व एका रविवारी वेरूळच्या रस्त्यावरील कामगारांची मोजणी करावी. हॉटेलाने यादी दिली नाही, तर पहिल्या विषयातला ‘का सोडतात’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘राहणारे का राहतात’ असा प्रश्न घ्यावा. आणि वेरूळच्या दोन दिवसांच्या मोजणीत बराच फरक आढळला, तर तो फरक कोणामुळे पडला, हे विचारण्यापासूनच दुसऱ्या विषयाची पहिली मुलाखत सुरू करावी.