शेलसाठी लेझरचं लिब्स की एक्सआरएफ?

पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलचा (चिखलापासून बनलेल्या थरांच्या खडकाचा) कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेला दंडगोल नमुना, तपासायचा आहे, पैसे एकाच यंत्राचे. काय घ्यावं: लेझरच्या ठिणगीतल्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखणारं लिब्स, की क्ष-किरणांनी ती ओळखणारं एक्सआरएफ?

शेलमध्ये खरा प्रश्न कार्बनचा. हातात धरायच्या एक्सआरएफला तो दिसतच नाही. लिब्स कार्बन, हायड्रोजन, लिथियमसुद्धा टिपतं. लेझरचा ठिपका मिलिमीटरहून लहान, त्यामुळे पातळ थर वेगवेगळे वाचता येतात. मात्र हा कार्बन सेंद्रिय की कॅल्साइट या खनिजातला, हे ते आपणहून सांगत नाही. नमुन्यावर बारीक खड्डाही पडतो (कोअर सांभाळणारे कुरकुरणारच).

आकड्यांच्या भरवशात एक्सआरएफ पुढे. लिब्सचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या नमुन्यांशी जुळवणी) तशाच खडकांवर करावं लागतं, नाहीतर आकडे भरकटतात. पूर्वतयारी दोन्हींना कमीच.

सेंद्रिय द्रव्य कुठल्या थरात, हे शोधायचं तर लिब्स. मॉलिब्डेनम, युरेनियमवरून प्राचीन समुद्रातला ऑक्सिजन ताडायचा तर एक्सआरएफ.