28 मार्च 2001 : 'डिस्टन्स' की 'ए बेस्ट'?

जपानी लोकप्रिय संगीताच्या 2001 या वर्षाचा विचार करताना 28 मार्च ही एकच तारीख पुरेशी ठरावी, कारण त्या दिवशी उतादा हिकारू यांचा 'डिस्टन्स' आणि हामासाकी आयुमी यांचा 'ए बेस्ट' हे दोन अल्बम एकाच वेळी दुकानांत आले. पहिल्या आठवड्यात 'डिस्टन्स'च्या 30 लाखांहून अधिक, तर 'ए बेस्ट'च्या सुमारे 28 लाख 70 हजार प्रती खपल्या. ओरिकॉन या जपानी संगीतविक्रीच्या क्रमवारीच्या वर्षअखेरच्या यादीतही हाच क्रम कायम राहिला.

मात्र ही तुलना सरळ नाही. 'ए बेस्ट' हा निवडक गाण्यांचा संग्रह आहे आणि त्यातील काही जुनी गाणी हामासाकी यांनी नव्याने गायली आहेत. पहिल्या काळातील कोवळा आवाज आणि नंतरचा अनुभवी आवाज यांतील अंतर तेथे स्पष्ट जाणवते. त्या स्वतःची गीते स्वतः लिहीत असल्याने एकटेपणाचे शब्द उसने वाटत नाहीत, ही त्यांची खरी ताकद आहे.

उतादा यांनी गीतांबरोबर चालीही स्वतः रचल्या. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि तेव्हा अवघ्या 18 वर्षांच्या या कलावंताने अमेरिकी आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या संगीतप्रकाराचा ठेका जपानी भाषेच्या अक्षरलयीत इतका सहज मुरवला, की शब्द अनपेक्षित जागी तुटूनही गाणे अडखळत नाही. म्हणूनच रचनेच्या दृष्टीने मला 'डिस्टन्स' श्रेष्ठ वाटतो; हामासाकी यांची वाटचाल समजून घ्यायची असेल, तर मात्र आधी 'ए बेस्ट' ऐकावा.