लेकीचा पियानो क्लास: शिकवणं पक्कं, ऑफिस ढिसाळ

कोथरूडमधल्या या क्लासला लेक जाते. सध्या एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या तिसऱ्या ग्रेडची तयारी चालू आहे. मॅडम नुसते परीक्षेचे तीन पीस (रचना) घोटून घेत नाहीत, हे मला फार आवडलं. १५० पैकी पीसना ९० गुण. उरलेले ६० स्केल्स (क्रमाने वाजवायचे सूर), साइट रीडिंग (आधी न पाहिलेलं वाचून लगेच वाजवणं) आणि ऑरलचे (ऐकून ओळखणं). पास व्हायला १०० लागतात, त्यामुळे नुसत्या पाठांतरावर गाडी निघत नाही.

आधी एकेका हाताने बसवलेले स्केल्स आता दोन्ही हातांनी चाललेत. डावा हात अडखळला की मॅडम उजवा मांडीवर ठेवायला लावतात. मग फक्त ती अडलेली जागा: अंगठ्यावरून तिसरं बोट पलीकडे न्यायचं, मनगट न उचलता. पुन्हा, पुन्हा, सावकाश. बघणाऱ्याला जांभई येते खरी, पण नव्या पीसमध्ये तसलीच चढण आली तेव्हा पोरीने ती न थांबता वाजवली!

तक्रार ऑफिसबद्दल आहे. सहाव्या ग्रेडला बसण्याआधी थिअरीची पाचवी ग्रेड किंवा तिचा मान्य पर्याय लागतो, हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलं नाही. थिअरीची बॅच वेगळी, फीही वेगळी. आधीच विचारून घ्या.

आणि घरी सरावाला ६१ कळांचा हलका कीबोर्ड पुढे पुरत नाही. ८८ वजनदार कळांचा डिजिटल पियानो बघा, सेकंडहँड चालेल.