आईला घेऊन अजिंठा, भुसावळहून एका दिवसात : डोली, गाईड, गाडी, जेवण सगळ्याचा अनुभव

आधीच सांगते, हे मी खास त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांच्या घरी गुडघे दुखणारी आई नाहीतर सासू आहे, घर जळगाव भुसावळ जामनेर पाचोरा या पट्ट्यात आहे आणि तरी तिला अजून अजिंठा दाखवलेला नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. बाबा रेल्वेत होते, दरवर्षी पास निघायचा आणि मे महिन्यात आम्ही सगळे निघायचो, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. कन्याकुमारी झालं, जगन्नाथपुरी झालं, हरिद्वार दोनदा झालं, पार वैष्णोदेवीपर्यंत जाऊन आलो. माझ्या लहानपणीच्या सगळ्यात छान आठवणी म्हणजे त्या सुट्ट्या. पण अजिंठ्याला काही रेल्वे जात नाही, म्हणून ते राहिलं ते राहिलंच. अजिंठा काय, घरचाच आहे, कधीही जाऊ. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की बाबा त्यांना एसटीने नेऊन आणायचे आणि आई घरी स्वयंपाक करून वाट बघत बसायची. मग बाबा वारले, आईचे गुडघे गेले आणि ती बाहत्तर वर्षांची झाली.

या डिसेंबरमध्ये मी नाशिकहून आठ दिवस माहेरी आले होते, तेव्हा ठरवूनच आले होते. आईचं नेहमीचं सुरू झालं, "कशाले एवढा खर्च करू रायली, मी खालीच बसते, तुम्ही पाहून या." तिला डोलीचं काही सांगितलंच नाही, म्हटलं तिथे गेल्यावर बघू.

गाडी ओळखीतूनच केली, भुसावळचेच ड्रायव्हर दादा, वय पन्नाशीचं, गाडी स्वच्छ. सकाळी सातला निघालो, जळगावकडून न जाता जामनेर, पहूर, वाकोद करत फर्दापूर. दोन तासांच्या आसपास लागतात, कमी-जास्त. या दादांचं एक फार आवडलं, आईला पुढच्या सीटवर बसवलं, सीट पूर्ण मागे करून दिली आणि तासाभराने स्वतःहून गाडी थांबवली, म्हणाले मावशी पाच मिनिटं पाय मोकळे करा नाहीतर तिथे उतरल्यावर पाय आखडतील. हे मला सुचलं नव्हतं. पहूरला चहा घेतला, सोबत घरून नेलेल्या कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा. थंडी होती, शेतात कपाशीची शेवटची वेचणी सुरू होती, आई काचेतून बघत होती आणि कोणाचं शेत कसं आहे ते सांगत होती.

आता मुख्य. फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी लावावी लागते, तिथून पुढे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचं, गाड्यांच्या धुराचा चित्रांना त्रास होऊ नये म्हणून खाजगी गाडी लेण्यांपर्यंत नेऊ देत नाहीत, आणि हे बरोबरच आहे. बस साधी पण असते आणि एसी पण, आम्ही साधीने गेलो, काही अडलं नाही. पार्किंगपासून बसपर्यंत दुकानांच्या मधून चालत जावं लागतं आणि तिथे दगड, स्फटिक, माळा विकणारे मागे लागतात. एकजण तर आईच्या हातात दगड देऊन "ठेवा मावशी, येताना पैसे द्या" म्हणाला आणि परत घेईचना. वयस्कर माणूस गोंधळून जातं अशाने. हातात काहीच घेऊ नका, सरळ पुढे चला.

बसमधून उतरलं की वर पायऱ्या आहेत. आईने त्या पायऱ्यांकडे बघितलं आणि कठड्यावर बसली. म्हटलं आता डोली.

डोली म्हणजे खुर्ची, दोन्ही बाजूंनी लांब दांडे आणि चार माणसं. आई आधी नाहीच म्हणाली. "माणसाच्या खांद्यावर मी काय बसू, मले पाप लागीन." त्यातल्या एका वयस्कर भाऊंनी खाली बसून तिला सांगितलं, मावशी तुम्ही बसल्या तर आमचं घर चालतं, तुम्ही नाही बसल्या तर आम्ही दिवसभर इथे बसून राहतो, पाप कुठलं. मग बसली. उचलताना चौघं एकदम उचलतात, खुर्ची जराही कलली नाही, पायऱ्या चढताना पुढचे दोघं दांडा खाली धरतात आणि मागचे वर, म्हणजे बसणाऱ्याला वाटतं आपण सपाट रस्त्यावरच आहोत. आईने सुरुवातीला दोन्ही हातांनी दांडे घट्ट पकडले होते, वरच्या वळणावर पोचेपर्यंत एक हात सोडून पदर सारखा करत होती, तेव्हा मला समजलं की आता हिला भीती नाही.

एकच सांगते, बोलणं आधी स्पष्ट करून घ्या. फक्त वर सोडायचं का सगळ्या लेण्यांवर फिरवायचं, मधे थांबायचं किती, परत खाली आणायचं त्यातच धरलंय का नाही. आम्ही हे सगळं बोलून घेतलं होतं म्हणून शेवटी एका शब्दानेही वाद झाला नाही, वरून आईनेच त्यांना चहापाण्याला वेगळे दिले. डोली लेणीच्या आत जात नाही, दाराशी उतरवतात, आत आपल्याला चालावंच लागतं. चपला काढाव्या लागतात आणि डिसेंबरात तो दगड सकाळी बर्फासारखा गार असतो. मोजे न्या, नक्की न्या, आईचे पाय मोज्यांमुळे वाचले.

गाईड घेतला आणि त्याचे पैसे पूर्ण वसूल झाले. गाईडशिवाय गेलं तर अंधारात पुसट रंग दिसतात आणि माणूस दोन तासात खाली येतो. या दादांनी पहिल्या लेणीत आईला एका खांबाखाली उभं केलं आणि म्हणाले वर बघा, किती हरणं आहेत. आईने मोजली, चार. मग म्हणाले डोकी मोजा. डोकं एकच! चार हरणं चार बाजूंनी आणि सगळ्यांना मिळून एकच डोकं, कुठूनही बघा ते त्याच हरणाचं वाटतं. आई लहान मुलीसारखी खांबाच्या या बाजूला त्या बाजूला फिरून बघत होती. पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, तर सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, पण समोर उभं राहून तो खाली वळलेला चेहरा बघणं वेगळं आहे. फ्लॅश बंद ठेवायचा असतो, तेही बरंच आहे, डोळ्यांनी बघणं होतं.

पण माझ्यासाठी त्या दिवसातला सगळ्यात मोठा क्षण कुठला तर गिलावा. गाईड सांगत होते की दगडावर आधी मातीचा थर, त्यात भाताचं तूस, गवताचे तंतू कालवलेले, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळला की मग रंग. निळा रंग ज्या दगडाचा तो आजच्या अफगाणिस्तानातून यायचा. आणि एके ठिकाणी चित्राचा पोपडा निघालाय तिथे आतली माती दिसते. आई जवळ गेली, हात न लावता वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे तं आपल्या भितीवानीच हाये." तिचं माहेर रावेरकडे, धाब्याचं घर होतं, दरवर्षी दिवाळीआधी सगळ्या बाया मिळून माती आणि गव्हाचं भुसकट पायाने तुडवून भिंती लिंपायच्या. तिने गाईडला विचारलं किती दिवस मुरत ठेवायचे ही माती, कारण न मुरवता लावली तर भेगा पडतात. त्या दादांनी मान्य केलं की हा प्रश्न त्यांना आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. पाचव्या शतकातल्या वाकाटकांच्या काळातली भिंत आणि माझी आई, दोघींची ओळख निघाली होती. बाबांनी हे बघायला हवं होतं.

नववी-दहावी लेणी सगळ्यात जुन्या, सातवाहनांच्या वेळच्या. दहाव्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला कोरलेलं नाव आहे, तो वाघाच्या शिकारीला आला होता आणि त्याला ही लेणी दिसली. नाव आपल्या डोक्याच्याही वर आहे कारण तेव्हा लेणी मातीने भरलेली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. सोळा आणि सतरा निवांत बघा, घाई करू नका, सतरामध्ये भिंतीच्या भिंती जातककथांनी, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींनी भरल्यात. आम्ही मधल्या बऱ्याच सोडल्या, आईचे गुडघे सांभाळायचे होते. त्याचं वाईट वाटत नाही.

सव्विसावी मात्र चुकवू नका. आत डाव्या भिंतीला झोपलेला बुद्ध आहे, महापरिनिर्वाण, सातेक मीटर लांब, खाली शिष्य रडतायत. आई तिथे बराच वेळ उभी राहिली, काही बोलली नाही. बाहेर आल्यावर डोलीवाल्या भाऊंनी विचारलं दमल्या का मावशी, ती म्हणाली नाही, माणसं आठवली.

आणखी एक गोष्ट जी भुसावळच्या लोकांना माहिती पाहिजे. गाईडने विचारलं कुठून आलात, भुसावळ म्हटल्यावर म्हणाले मग गिल साहेबांची कबर तुमच्याच गावात आहे. मेजर रॉबर्ट गिल, 1844 पासून त्याने इथे वर्षानुवर्षं राहून या चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आगीत जळून गेल्या, तो परत आला आणि पुन्हा काम करू लागला. 1879 मध्ये गेला आणि भुसावळला पुरला. मी तिथे जन्मले, शाळा कॉलेज तिथे केलं आणि हे मला अजिंठ्यात कळलं. येत्या वेळी आईला घेऊन कबर शोधायला जाणार आहे.

जेवणाचं सांगायचं तर आमचं चुकलं. घरून भरीत न्यायचं ठरलं होतं, बामणोदची वांगी आणून ठेवली होती, पण पहाटे भाजत बसायला वेळ नाही म्हणून राहिलं. येताना हायवेवरच्या एका ढाब्यावर थांबलो, नाव देत नाही, शेवभाजी मागवली तर वर बोटभर तेल, खाली शेव विरघळून लगदा, भाकरी गार, आणि बाथरूममध्ये पाणीच नव्हतं. वयस्कर बाईला घेऊन गेल्यावर हे फार जाणवतं. त्यापेक्षा डबा न्या.

सोमवारी लेणी बंद असतात. डिसेंबरात शाळांच्या सहली खूप असतात, अकराच्या आत पहिली दुसरी बघून घ्या, नंतर आत उभं राहायला जागा नसते आणि आवाजाने गाईडचं ऐकू येत नाही. पावसाळ्यात लेण्यांखालची वाघूर नदी भरलेली असते, धबधबा असतो, दिसायला तेव्हा जास्त सुंदर, पण पायऱ्या ओल्या असतात म्हणून वयस्कर माणसांना हिवाळाच बरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच नाही.

गाडीला पाचपैकी पाच, गाईडला पाच, डोलीवाल्या भावांना पाचच्या वर काही देता येत असेल तर ते. ढाब्याला एक.

रात्री घरी आल्यावर आईचे पाय गरम पाण्यात ठेवले होते आणि ती रावेरला मावशीला फोनवर सांगत होती, चार हरणं आणि एकच डोकं, पोरीने खुर्चीत बसवून नेलं, तुले पण नेते. मग मधेच थांबून मला विचारलं बंद कोणत्या दिवशी असते, आणि परत फोनवर, "सोमवारी नको काढू वो बाई, मंगळवारी जाऊ."