डॉक्युमेंट डेटाबेसचं गाईड: सातवं प्रकरण सोनं, बाकीचं तपासून घ्या

नोंदी तक्त्याच्या ओळींऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून ठेवणाऱ्या मोंगोडीबी या डेटाबेसवरचं हे गाईड साडेचारशेच्या आसपास पानांचं आहे आणि त्यातली शंभरेक पानं उत्तम आहेत. उरलेल्यांपैकी बरीच निरुपद्रवी, काही शिळी, आणि दोन जागा चक्क धोकादायक. नाव मुद्दाम घेत नाही. लेखक पुढच्या आवृत्तीवर काम करतोय, माझ्या तक्रारी त्याला पाठवल्या आहेत, आणि दुरुस्त होऊ घातलेल्या पुस्तकाला कायमचा डाग कशाला लावा. शिवाय याच साच्याची गाईडं ढिगाने मिळतात. इथलं निम्मं तरी त्यांनाही लागू पडेल.

टीममध्ये नव्याने आलेल्यांच्या हातात काय वाचायला द्यायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे मी असलं पुस्तक आडवं पडून वाचत नाही. शेजारी मोंगोश (मोंगोडीबीला कमांड द्यायची खिडकी) उघडं ठेवते आणि उदाहरणं चालवत जाते.

आधी शिळेपणाबद्दल, कारण तो लगेच दिसतो. मुखपृष्ठावर मोंगोडीबी आवृत्ती ७ लिहिलंय. आत मात्र वेगवेगळ्या काळात लिहिलेली प्रकरणं एकमेकांना न विचारता शेजारी बसवली आहेत. दुसऱ्या प्रकरणात ठामपणे म्हटलंय की एकापेक्षा जास्त डॉक्युमेंटवर ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे बदल एकत्र किंवा एकही नाही, करता येत नाही. अकरावं प्रकरण अख्खं ट्रान्झॅक्शनवर! २०१८ साली ४.० मध्ये रेप्लिका सेटवर (एकाच डेटाच्या अनेक प्रती) आणि २०१९ साली ४.२ मध्ये शार्डेड क्लस्टरवर (डेटा अनेक मशीनवर वाटलेला) ती सोय आली, हे अकराव्यात नीट लिहिलंय. दुसरं प्रकरण पुन्हा कुणी वाचलंच नाही. इन्सर्ट आणि काउंट या जुन्या कमांड अजून जागोजागी आहेत. 'काउंट डॉक्युमेंट्स' खरोखर मोजतं आणि 'एस्टिमेटेड डॉक्युमेंट काउंट' मेटाडेटावरून झटकन अंदाज देतं, हा रोज लागणारा फरक मात्र कुठेच नाही. मॅप-रिड्यूसला (डेटाचा गोषवारा काढायची जुनी पद्धत) भलीमोठी जागा दिली आहे, ते ५.० पासूनच मोडीत काढायच्या यादीत आहे.

यात मला सगळ्यात खटकलं ते राइट कन्सर्न, म्हणजे किती प्रतींनी लिहून घेतल्यावर नोंद पक्की मानायची ते. गाईड म्हणतं, काही सांगितलं नाही तर प्रायमरीने, म्हणजे मुख्य प्रतीने, लिहून घेतलं की झालं. ५.० पासून मूळ सेटिंग 'मेजॉरिटी', म्हणजे निम्म्याहून जास्त प्रती, आहे. आर्बिटर (मत देणारा, पण डेटा न ठेवणारा सदस्य) असलेल्या काही रचनांमध्ये मात्र ते अजूनही १ वर येतं, आणि नेमकं तेच नवख्याला माहीत हवं. कारण प्रश्न सरळ आहे: प्रायमरी पडला तर आत्ता लिहिलेली नोंद उरणार का? गाईडने याचं उत्तर न वाचता अंगठा टेकवावा तसं दिलंय.

आता मॉडेलिंग. इथे मी थांबणार आहे, कारण डॉक्युमेंट डेटाबेसच्या गाईडची खरी परीक्षा इथेच होते. कमांड काय, हेल्प लिहिलं तरी समोर येतात. काय एकत्र ठेवायचं आणि काय वेगळं, हे मात्र कुणीतरी शिकवावंच लागतं. या गाईडचं उदाहरण तेच जुनं: लेख आणि त्याखाली वाचकांच्या प्रतिक्रिया. सगळ्या प्रतिक्रिया लेखाच्याच डॉक्युमेंटमध्ये, एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत. बघा, जॉइन लागला नाही, असं लेखक खुशीत म्हणतो आणि पुढे जातो. एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी आहे हे कळतं ते थेट परिशिष्टात, एका ओळीत, नेस्टिंगच्या १०० पातळ्यांच्या मर्यादेशेजारी.

पण त्रास १६ एमबीला सुरू होत नाही हो, फार आधी होतो. तुम्ही प्रोजेक्शन लावून फक्त शीर्षक मागितलं, तरी कव्हर्ड क्वेरी (सगळं उत्तर इंडेक्समधूनच, म्हणजे शोधासाठीच्या सूचीतूनच, मिळणारी) नसेल तर डेटाबेस अख्खं डॉक्युमेंट कॅशमध्ये ओढतो. वायर्डटायगरची, म्हणजे मोंगोडीबीच्या स्टोरेज इंजिनची, कॅश मुळात असते किती? एकूण रॅममधून एक जीबी वजा करा, उरलेल्याचं निम्मं. त्यात हजारो प्रतिक्रियांचं ओझं घेतलेले लेख येऊन बसले की बाकीचं कामाचं बाहेर जातं. साइटच्या पहिल्या पानावरची लेखांची यादी मंदावते आणि का मंदावली ते कुणाला कळत नाही, कारण यादीची क्वेरी दिसायला निरागस असते. त्या अ‍ॅरेवर इंडेक्स असेल तर दर घटकामागे इंडेक्समध्ये एक नोंद, तो खर्च वेगळाच.

चांगल्या गाईडने इथे एकच प्रश्न विचारायला शिकवलं असतं: हा अ‍ॅरे किती वाढू शकतो, आणि त्याला कोण थांबवणार? उत्तर 'कुणीच नाही' असेल तर शेवटच्या थोड्या प्रतिक्रिया लेखासोबत, बाकीच्या स्वतंत्र कलेक्शनमध्ये, म्हणजे डॉक्युमेंटांच्या वेगळ्या गटात. सेन्सरची मोजमापं असतील तर तासातासाचे गठ्ठे. ऑर्डरमध्ये वस्तूचा त्या वेळचा भाव मुद्दाम कॉपी करून ठेवायचा, कारण उद्या भाव बदलला तरी जुन्या बिलाने बदलता कामा नये. ग्राहकाचा पत्ता कॉपी करायचा की संदर्भ ठेवायचा, हे मात्र व्यवहार बघून. या निर्णयांवर गाईडने जेमतेम चार पानं खर्च केली आहेत आणि त्यातलं एक पान आकृतीने खाल्लंय.

त्याऐवजी 'स्कीमा नाही, मोकळीक आहे' हे पालुपद पुस्तकभर येतं. स्कीमा, म्हणजे डेटाचा ठरलेला साचा, असतोच, तो डेटाबेसमधून उठून तुमच्या कोडमध्ये जाऊन बसतो, एवढंच. ३.६ पासून जेसन स्कीमाने पडताळणी लावता येते, त्याला इथे अर्धं पान आहे. जुना, अस्ताव्यस्त डेटा असलेल्या कलेक्शनवर पडताळणी कशी आणायची, म्हणजे पातळी 'मॉडरेट' ठेवायची, आधी नुसता इशारा लॉगमध्ये येऊ द्यायचा आणि मग नकार सुरू करायचा, हा नोकरीत खरोखर करावा लागणारा उद्योग गाईडला ठाऊकच नसावा.

त्याला कारण त्याचा नमुना डेटा आहे, असं माझं मत झालंय. सोबत दिलेली जेसन फाईल इतकी नीटनेटकी आहे की हसू येतं. प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये प्रत्येक फील्ड हजर. त्यामुळे फील्ड 'नल' असणं आणि फील्डच नसणं, हा भेद पुस्तकात एकदाही उगवत नाही. 'फोन बरोबर नल' अशी क्वेरी केली तर दोन्ही प्रकारची डॉक्युमेंटं येतात. युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा) लावला तर फोन नसलेलं पहिलं डॉक्युमेंट आत जातं आणि दुसरं डुप्लिकेट म्हणून आपटतं. यावर पार्शल इंडेक्सचा, म्हणजे ठरावीक अट पाळणाऱ्या डॉक्युमेंटांपुरत्याच इंडेक्सचा, उपाय आहे. पण फाटका डेटा समोर आल्याशिवाय त्याची गरज कळणार कशी?

आणि तारखा! त्या फाईलमध्ये तारखा स्ट्रिंग म्हणून आहेत, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. म्हणजे तारखेच्या मर्यादेत शोधलं की तुलना अक्षरांची होते आणि '०५-११-२०२०' हे '१२-०३-२०१९' च्या आधी येतं. पुस्तकातल्या एका क्वेरीचं छापलेलं उत्तर याच कारणाने चुकलेलं आहे, आणि खाली 'बरोबर आले ना?' असं विचारलंय. पैशांची रक्कमही साध्या डबलमध्ये, जिथे दशांश नेमके राहत नाहीत. डेसिमल १२८ हा प्रकार ३.४ पासून आहे, त्याचा उल्लेख फक्त डेटा टाइपच्या तक्त्यात.

एवढं झोडपल्यावर सातव्या प्रकरणाकडे येते, कारण इंडेक्सवर इतकं स्वच्छ लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. हे प्रकरण बहुधा लेखकाने रात्री-अपरात्री जागून, खऱ्या सिस्टीमवर हात पोळल्यावर लिहिलं असणार. व्याख्येने सुरुवात नाही. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या 'एक्स्प्लेन'चं आउटपुट थेट समोर टाकलंय, तेही काटछाट न करता. वीस डॉक्युमेंटं परत आली, तपासली काही लाख, टप्पा 'कॉलस्कॅन', म्हणजे अख्खं कलेक्शन चाळणं. बस, या तीन गोष्टी बघायला शिका, बाकीचं नंतर, असं तो म्हणतो आणि ते अगदी खरं आहे.

मग तीच क्वेरी घेऊन तो खेळतो. स्टेटस ठरावीक, तारीख एका मर्यादेत, आणि रकमेनुसार क्रम. पहिला इंडेक्स स्टेटस-तारीख-रक्कम: शोध पटकन होतो, पण क्रम मेमरीत लावावा लागतो. दुसरा स्टेटस-रक्कम-तारीख: डॉक्युमेंटं इंडेक्समधूनच क्रमाने येतात, वेगळं सॉर्ट गायब. आधी समानता, मग क्रम, मग मर्यादा हा नियम त्याने असा डोळ्यांसमोर घडवून दाखवलाय. वर प्रामाणिकपणे हेही सांगितलंय की तारखेची मर्यादा अगदी अरुंद असेल आणि त्यातून मूठभरच डॉक्युमेंटं निघत असतील, तर पहिला इंडेक्सही जिंकू शकतो. म्हणून नियम पाठ करू नका, 'एक्स्प्लेन' चालवा. नियम सांगून लगेच त्याची हद्द दाखवणारे लेखक थोडे.

अ‍ॅरेवरच्या क्वेरीचा भागही याच प्रकरणात आहे आणि तो माझ्या नेहमीच्या चाचणीला उतरला. गुणांचा अ‍ॅरे आहे, त्यात ९५ आणि ७०. क्वेरी: ८० पेक्षा जास्त आणि ९० पेक्षा कमी. हे डॉक्युमेंट यायला नको, पण येतं, कारण ९५ पहिली अट भागवतो आणि ७० दुसरी. एकाच घटकाने दोन्ही अटी पाळायला हव्या असतील तर 'एलेममॅच' लागतं. मी गाईड उघडलं की हे आहे का ते शोधते; बहुतेकांत नसतं. इथे आहे, आणि त्याचा इंडेक्सच्या मर्यादांवर होणारा परिणामही आहे. कव्हर्ड क्वेरीत 'आयडी' फील्ड आठवणीने वगळावं लागतं, दोन अ‍ॅरे फील्ड एकाच कंपाउंड (अनेक फील्डच्या) इंडेक्समध्ये चालत नाहीत, असले बारकावे सहज येऊन जातात. जुन्या ३२ एमबीऐवजी ४.४ पासून सॉर्टची मेमरी मर्यादा १०० एमबी झाली, हेसुद्धा अचूक. म्हणजे हा माणूस तपासून लिहू शकतो. मग बाकीच्या प्रकरणांत काय झालं?

अ‍ॅग्रिगेशनबद्दल, म्हणजे डेटावर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करण्याबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. टप्पे नीट समजावलेत, 'लुकअप' (दुसऱ्या कलेक्शनमधला डेटा जोडणं) जरा जास्तच हौसेने वापरलंय. पाइपलाइनमध्ये तीन-तीन 'लुकअप' येऊ लागले तर मॉडेल पुन्हा तपासा, असं एक वाक्य तरी हवं होतं.

आता त्या दोन धोकादायक जागा. पहिली शार्डिंगमध्ये. तिसऱ्या प्रकरणात ऑब्जेक्ट आयडीची रचना छान दिली आहे: १२ बाइट, त्यातले पहिले ४ वेळेचे, मग ५ रँडम, शेवटचे ३ काउंटरचे. चौदाव्यात शार्ड की, म्हणजे कुठलं डॉक्युमेंट कुठल्या मशीनवर जाणार हे ठरवणारं फील्ड, निवडताना तोच आयडी सरळ, हॅश न करता (क्रम विस्कटणाऱ्या आकड्यात न बदलता) सुचवलाय. पहिले बाइट वेळेचे म्हणजे नवीन प्रत्येक आयडी आधीच्यापेक्षा मोठा, म्हणजे सगळी नवी डॉक्युमेंटं सर्वात शेवटच्या तुकड्यात, म्हणजे एकाच शार्डवर. मशीन वाढवली, भार एकावरच. हॅश्ड की घेतली तर भार पसरतो, पण मर्यादेतल्या शोधाची सोय जाते. तो सौदा समजावणं हेच तर त्या प्रकरणाचं काम. पुढे 'शार्ड की एकदा ठरली की कधीच बदलत नाही' असंही छापलंय. ५.० पासून रीशार्डिंग करता येतं. ते जड काम आहे, पण येतं.

दुसरी जागा त्याहून वाईट. इन्स्टॉलेशनच्या प्रकरणात, दुसऱ्या मशीनवरून जोडणी होत नसेल तर 'बाइंड आयपी' (सर्व्हर कुठल्या नेटवर्क पत्त्यांवर जोडण्या घेणार ते सेटिंग) सगळ्या पत्त्यांसाठी खुलं करा, असं सांगितलंय. ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डने ओळख तपासणं, त्यानंतर बऱ्याच प्रकरणांनी येतं, तेही 'प्रॉडक्शनला जाताना' या मथळ्याखाली. २०१७ च्या जानेवारीत असेच उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी आली. त्याच वर्षी ३.६ मध्ये मूळ सेटिंगच लोकलहोस्टपुरतं, म्हणजे त्याच मशीनपुरतं, केलं गेलं. इतकं होऊनही गाईडने ते दार पहिल्याच दिवशी उघडायला शिकवावं? नवखा माणूस पहिल्या प्रकरणातल्या ओळी कॉपी करतो आणि त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. ही ओळ पुढच्या आवृत्तीची वाट न बघता, आजच्या आज दुरुस्तीपत्रकात जायला हवी.

डॉक्युमेंट डेटाबेस कधी घेऊ नये, यावर काही नाही. पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसमध्येही ९.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, जेसन ठेवायचा 'जेसनबी' प्रकार आहे; ज्याचा डेटा मुख्यतः नात्यागोत्यांचा आणि थोडासाच मोकळा आहे त्याचं काम तिथेही भागतं. प्रत्येक व्यवहाराला ट्रान्झॅक्शन लागत असेल तर तीही एक खूण समजावी.

स्वाध्याय बरे आहेत, उत्तरं दिलेली नाहीत. मागच्या सूचीतले पानांचे आकडे एक-दोनने सरकलेले आहेत.

पाचपैकी अडीच. सातवं प्रकरण मी टीमला वेगळं काढून देणार आहे, त्यासोबत ऑब्जेक्ट आयडीची दोन पानं आणि अकराव्यातला ट्रान्झॅक्शनची ६० सेकंदांची मर्यादा समजावणारा भाग. मॉडेलिंगसाठी आमच्याच कलेक्शनमधला, नावं-फोन काढून टाकलेला, फील्ड गळालेला आणि तारखा दोन प्रकारच्या असलेला डेटा देईन. इन्स्टॉलेशनचं प्रकरण देणार नाही.