भुते पकडण्याचा धंदा : 'घोस्टबस्टर्स'चे व्हिडिओ गेम

गेल्या पावसाळ्यात खानापूरचा भाचा आमच्याकडे बेळगावला राहायला आला, तेव्हा त्याचे निमित्त करून मी खडेबाजारातल्या एका दुकानातून 'घोस्टबस्टर्स : द व्हिडिओ गेम' या खेळाच्या सुधारित आवृत्तीची वापरलेली डिस्क आणली. निमित्त म्हणण्याचे कारण असे की, खेळायची हौस त्याच्यापेक्षा मलाच अधिक होती. मूळ खेळ टर्मिनल रिअ‍ॅलिटी या स्टुडिओने २००९ साली केला आणि २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने तो नव्या यंत्रांसाठी उजळून दिला.

हे खेळ ज्यावर बेतले त्या १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स' या मूळ विनोदी चित्रपटाची खरी गंमत भुतांत नाही, धंद्यात आहे. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा असो की विहिरीवरची हडळ, तिच्यासाठी उतारा, लिंबू, नारळ आणि देवऋषी ठरलेले असतात, आणि देवऋषी पावती देत नाही. चित्रपटातले भुते पकडणारे मात्र पाठीवर यंत्र बांधून, जुन्या अग्निशमन केंद्रात दुकान थाटून, हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या हातात रीतसर बिल ठेवतात. चित्रपटावर आणि १९८६ पासून चाललेल्या त्याच्या कार्टून मालिकेवर जे खेळ निघाले, त्यांतले ज्यांना हे उमगले ते जमले, आणि ज्यांनी भुतांवर नुसत्या गोळ्या झाडल्या ते फसले, असे माझे मत आहे.

पहिल्याच खेळाला ते नेमके उमगले होते. 'पिटफॉल' हा गाजलेला खेळ करणाऱ्या डेव्हिड क्रेन याने अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीसाठी अवघ्या काही आठवड्यांत केलेल्या १९८४ च्या त्या खेळात आरंभी दहा हजार डॉलर हातात मिळतात. त्यांतून गाडी, सापळे आणि भुतांचा माग काढणारी उपकरणे घ्यायची, शहराच्या नकाशावर लाल होणाऱ्या इमारतींकडे धाव घ्यायची आणि भूत पकडले की पैसे जमा करायचे. यातला जमाखर्च नव्या दुकानदाराला लगेच ओळखीचा वाटेल. दुर्दैवाने आमच्या पिढीच्या वाट्याला त्याचे आठ-बिटी कॅसेटवरचे रूप आले. शेवटी इमारतीचे जिने चढताना बटण बडवून बोटे सुजत, आणि एवढे करून खेळ संपला की पडद्यावर अभिनंदनाचा इंग्रजी शब्दसुद्धा चुकीच्या अक्षरांत उमटे. शाळेत त्याच शब्दाच्या स्पेलिंगसाठी हातावर छडी खाल्लेली असल्याने ते मला अजून आठवते.

कार्टूनच्या नावावरचा डेटा ईस्टचा १९८७ चा आर्केड खेळ आणि सेगाचा १९९० चा मेगा ड्राइव्ह या यंत्रावरचा खेळ हे दोन्ही धावा आणि गोळ्या झाडा या जातीचे आहेत. दुसऱ्याने तर चौथा गडी विन्स्टन यालाच वगळले, याला क्षमा नाही. त्याच वर्षी हॅल लॅबोरेटरीने दुसऱ्या चित्रपटावर केलेला छोटा खेळ मात्र गुणी आहे, कारण त्यात एकाने किरण सोडून भूत धरायचे आणि दुसऱ्याने त्याखाली सापळा लावायचा, अशी कामाची वाटणी आहे.

आमच्या डिस्कवरचा खेळ हीच वाटणी फार पुढे नेतो. कथा १९९१ च्या न्यूयॉर्कमध्ये घडते आणि आपण कंपनीतला नवा, बिननावाचा उमेदवार असतो. डॅन अ‍ॅक्रॉइड, हॅरॉल्ड रॅमिस, बिल मरे आणि अर्नी हडसन या चित्रपटातल्याच नटांनी आपापल्या पात्रांना स्वतः आवाज दिल्यामुळे ही उमेदवारी खऱ्या उस्तादांच्या हाताखाली चालल्यासारखी वाटते. भुताला किरणात धरायचे, जेरीस आणायचे, भिंतीवर आपटायचे, मग ओढत सापळ्यावर आणायचे, आणि हे करताना पाठीवरचे यंत्र तापून बंद पडू नये म्हणून मधूनमधून त्यातली वाफ सोडायची. फोडलेल्या प्रत्येक झुंबराचे नुकसान डॉलरमध्ये मोजले जाते. पहिल्या हॉटेलातच आम्ही इतकी मोडतोड केली की भाचा म्हणाला, "मामा, हे पैसे आपल्या पगारातून कापतील काय?"

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. सोबतचे उस्ताद वरचेवर जमिनीवर कोसळतात, त्यांना उठवायला जावे तर आपण कोसळतो, आणि सगळे पडले की मागून पुन्हा सुरुवात करावी लागते. स्मशानाच्या टप्प्यावर आमची एक अख्खी संध्याकाळ अशी गेली. मूळ खेळात असलेला अनेकांनी मिळून खेळायचा भाग सुधारित आवृत्तीत नाही, त्यामुळे मामा-भाच्यांना एकच रिमोट आळीपाळीने घ्यावा लागतो. संवाद इंग्रजीत आणि भरभर आहेत. अर्धे विनोद मला भाच्याला समजावून सांगावे लागले, आणि समजावलेल्या विनोदाला जेवढे हसू येते तेवढेच त्याला आले.

चौघांविरुद्ध एक भूत असा खेळ हवा असेल तर इलफॉनिकचा २०२२ चा 'स्पिरिट्स अनलीश्ड' आहे. त्यात भूत होऊन खुर्चीत किंवा कुंडीत लपण्यात मोठी मौज आहे. परंतु त्याची खरी रंगत इंटरनेटवरच्या माणसांशी खेळण्यात असल्यामुळे, आषाढात ज्या गावी वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असतात तिथल्यांनी आधी विचार करावा. यंत्रचालित गड्यांबरोबर तो खेळता येतो, पण चार दिवसांत कंटाळा येतो.

वापरलेली डिस्क घेणार असाल तर उजेडात धरून पाहा. आमच्या पहिल्या डिस्कवर बारीक ओरखडा होता, खेळ यंत्रात उतरवतानाच दोनदा अडकला, आणि दुकानदाराने ती बदलून दिली खरी, पण त्याआधी ओरखडा माझ्याच घरी पडला असावा, असे त्याने मला दोनदा सुचवून पाहिले.